पोळ्याआधी बदललेल्या डिस्क

अन्याय झाला तो माझ्या मोठ्या भावावर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, दुपारची जेवणं आटोपून माणसं पारावर येऊन बसली होती त्या वेळी, आमच्या गावातून जऊळक्याच्या रस्त्याकडे जाणाऱ्या उतारावर. करणारे कोण, हेही आधीच सांगते. पारावर बसलेलं गाव, आणि त्या गावाच्या पुढे उभे आमचे बाबा.

मी पत्रकं लिहिते. एका पानाची, मोर्च्याच्या आदल्या दिवशी बसस्टँडवर वाटायची. अन्याय कोणावर आणि केव्हा, हे पहिल्या ओळीत आलं पाहिजे असं मला शिकवलंय, कारण एसटी लागली की माणूस कागद खिशात कोंबतो. म्हणून इथेही तसंच केलं. पुढचं मात्र एका पानात बसत नाही.

करीचा दिवस ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. पोळ्याला बैलांचा मान. शिंगं रंगवतात, झूल चढवतात, पुरणपोळी भरवतात. दुसऱ्या दिवशी कर, तेव्हा माणसांची पाळी. बोकड कापतात, पत्ते मांडतात, आणि पितात. वर्षभर न पिणारे त्या दिवशी घोटभर घेतात. न घेणाऱ्याला लोक तब्येत विचारतात. त्यामुळे करीला कोणाची गाडी कुठे धडकली तर कारण शोधायला कोणी जात नाही. कारण आधीच तयार असतं.

दादा पीत नव्हता असं मी लिहिणार नाही. प्यायचा. लग्नात, हंगाम संपला की, कधी उगाच. वहिनी चिडायची, मी भाषण द्यायचे, तो हसून ऐकायचा. पण स्टेअरिंगला हात लावायच्या दिवशी नाही. आणि त्या दिवशी तर नाहीच, कारण तो मला आणायला स्टेशनवर येत होता. त्याची पिकअप होती. फुलकोबी, वांगी, सोयाबीन, कोणाच्या घरचं लग्नाचं सामान, जे मिळेल ते तो वाशीमला, कारंज्याला, कधी अकोल्याला न्यायचा. घर त्या गाडीवर चालायचं.

बाबांची शेवटची बैलजोडी म्हातारी होऊन गेली, त्यानंतर गोठा रिकामा होता. दादानं पिकअप घेतली तेव्हा ती त्याच गोठ्यात उभी राहिली, दावणीला तोंड करून. पहिले काही दिवस बाबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. मग एके दिवशी संध्याकाळी त्यांनी सवयीनं गोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला, जसा बैलांसाठी करायचे.

"बाबा, गाडीले डास नाई चावत," दादा म्हणाला.

"तुले काय माईत," बाबा म्हणाले, आणि रोज धूर करत राहिले.

मग ते तिला धुवायला लागले. ओला फडका घेऊन काच पुसायचे, टायरच्या खाचांतले खडे काडीनं काढायचे. लांबून आली की बोनेटवर हात ठेवून म्हणायचे, लय तापली आज. आम्ही हसायचो. मला आता त्या हसण्याचा राग येत नाही, फक्त ते आठवतं.

पोळा जवळ आला तेव्हा गाडीचा ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरायला लागलं होतं. पुढच्या दोन्ही चाकांच्या डिस्क झिजून वाकड्या झाल्या होत्या. दादानं वाशीमच्या एका गॅरेजात त्या बदलून घेतल्या, ब्रेक दाबला की त्यांना आवळणारे पॅडही नवे टाकले. थरथर गेली. पण घरी येईस्तोवर आवाज सुरू झाले. एक नाही, तीन.

मी त्या रविवारी घरी होते, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. पहिला आवाज सतत येणारा, खस खस खस, कोणी पाट्यावर काही घासतंय असा. ब्रेक दाबा न दाबा, चालूच. दुसरा, ब्रेकवर पाय पडल्याबरोबर टक, एकदाच. आणि तिसरा, गाडी हळू होताना, थांबायच्या अगदी आधी, बारीक लांब किंकाळी. कुत्री उठून उभी राहायची.

दादानं मला शेजारी बसवलं आणि शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून गाडी हळूहळू चालवली. खिडकी उघडी. भिंतीवर आपटून आवाज परत कानात येतो, कोणत्या चाकाचा ते कळतं. बाबा गाडीच्या बाजूनं चालत होते, पुढच्या मडगार्डवर पंजा ठेवून, मान खाली घालून. लंगडणारा बैल कोणत्या पायानं लंगडतो ते ते असंच शोधायचे. बैलाच्या बाजूनं चालायचे, पाठीवर हात ठेवून.

"डाव्या पायात हाय," बाबा म्हणाले.

"चाकात," दादा म्हणाला.

"थेच म्हणून राह्यलो."

दादानं स्टेअरिंग उजवीकडे घेतलं, खसखस वाढली. डावीकडे घेतलं, कमी झाली. बाबा मला म्हणाले, "पाह्य, वजन पडलं का दुखते त्याले." दादानं माझ्याकडे पाहून डोळा मारला, पण बाबांचं बरोबर होतं. डाव्याच चाकात होता आवाज.

दुसऱ्या दिवशी दादा परत वाशीमला गेला. मिस्तरीनं चाक काढलं. डिस्कच्या मागे पत्र्याची एक तबकडी असते, धूळ आत जाऊ नये म्हणून. जुनी डिस्क गंजून बसली होती, ती हातोड्यानं काढताना तो पत्रा वाकला होता आणि नव्या डिस्कला घासत होता. मिस्तरीनं पेचकसानं तो मागे रेटला. खसखस बंद. टक आवाज पॅडमुळे होता. पॅड जागेवर धरून ठेवणारी पातळ पत्तीसारखी क्लिप असते, ती बसवायची राहून गेली होती. ती बसवली. टक बंद. किंकाळीबद्दल मिस्तरी म्हणाला, नवीन पॅड अन् नवीन डिस्क, एकमेकांची ओळख नाई झाली अजून. चालवा चार दिवस, बसू द्या, आपोआप जाईल. काही लावू नका.

हे सगळं दादानं मला मोबाईलवर बोलून पाठवलं. मी तोवर अकोल्याला परतले होते. "मिस्तरी म्हणते ओळख होऊ द्या," तो हसत होता, "म्हणलं याईचं साक्षगंध करून मंग लगन लावून देऊ का." 

मिस्तरीनं सांगितलं ते खरं होतं. त्याला मी यात ओढणार नाही, जरी एक वेळ ओढायची माझी पूर्ण तयारी झाली होती.

पण गावाला त्या किंकाळीची ओळख करून घ्यायची नव्हती. आमच्याकडे जुन्या माणसांत चाक वाजणं ही लाजेची गोष्ट आहे. बैलगाडीचं चाक कुईकुई करत गावातून गेलं तर धन्याला शिव्या पडतात. याला बैलांची दया नाही, आखाला बोटभर वंगण लावायची अक्कल नाही. दादाची पिकअप रोज सकाळी उतारावर पारासमोर हळू व्हायची, आणि रोज ओरडायची. पारावर बाबांच्या वयाचे चारजण कायम बसलेले. त्यात आमचे शेजारचे काका, ज्यांची पांढरी जोडी गावात देखणी समजली जायची.

"काय गा, तुह्या घरचं वंगण सरलं का?" शेजारच्या काकांनी बाबांना विचारलं.

"नव्या गाडीले नाई लागत," बाबा म्हणाले. दादानं सांगितलेलं त्यांनी पुढे सांगितलं.

"नाई कसं लागत? चाक हाय ना थे? का पोरानं चाक काढून इकलं?"

"याच्या घरी बैल होते तवा कधी चाक वाजलं नाई," दुसरा म्हणाला. "आता पोराच्या राज्यात वाजते."

हे वहिनीनं मला नंतर सांगितलं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाच्या खांद्याला घट्टे पडलेले असतात. त्या संध्याकाळी हळद आणि तेल किंवा तूप घेऊन, पळसाच्या पानानं, तो खांदा हळूहळू चोळतात आणि बैलाच्या कानात म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. बाबा हे फार हळव्या हातानं करायचे. मी लहानपणी त्यांच्याकडून एवढ्या मऊ आवाजात काही ऐकलं असेल तर ते बैलाच्या कानात बोललेलं.

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. बाबांनी गाडीची चावीही देव्हाऱ्यात ठेवली. दादानं ते हसून होऊ दिलं. गाडी दिवसभर गोठ्यात उभी.

करीला मला सुटी मिळाली. अकोल्याहून रेल्वेत बसले तेव्हा दादाचा आणखी एक संदेश आला. त्यानं गाडी गोठ्यातून बाहेर काढली होती, अंगणात पुढेमागे करून पाहिली होती. इंजिनाची घरघर, मग ब्रेक दाबल्यावर काहीच नाही. मग तो बोलतो: "ऐकलं का व? काईच नाई. मिस्तरी खरा निघाला. बसला ब्रेक. ये लवकर, निघालोच."

मी जऊळक्याच्या फलाटाबाहेर उभी राहिले. गाडी गेली, उतरलेली माणसं गेली, चहावाल्यानं भांडी विसळली. दादाचा फोन वाजत राहिला आणि कोणी उचलला नाही. मला राग आला. करीला बसला असेल कुठे पत्ते कुटत, हे माझ्याही मनात आलं. शेवटी एका काळी-पिवळी जीपमध्ये बसून गावच्या फाट्यावर उतरले आणि चालत उताराच्या पायथ्याशी आले.

उतार जिथे संपतो तिथे गुरांना पाणी प्यायचा हौद आहे. हौदाला पिकअप तिरपी टेकलेली होती, समोरची जाळी फुटलेली. बाजूला शेजारच्या काकांचा पांढरा बैल बसला होता. त्याची शिंगं जांभळी रंगवलेली, टोकांना गोंडे. तो उठायला बघायचा आणि मागचा एक पाय त्याला उठू देत नव्हता. काका त्याची मान मांडीवर घेऊन जमिनीत बसले होते आणि रडत होते. मी आयुष्यात त्या माणसाला रडताना पाहिलं नव्हतं.

काय झालं ते मी पुढच्या तासाभरात तुकड्यातुकड्यानं गोळा केलं. दादा घरून निघाला. सपाटीवर ठीक होतं. उताराला लागल्यावर त्यानं ब्रेक दाबला, पायाला पायडल कडक लागलं, पण गाडी हळू होईना. पुन्हा दाबला. मागचे ब्रेक थोडे धरत होते, पुढचे नुसते निसटत होते. हॉर्न वाजवत, हँडब्रेक ओढत त्यानं ती कशीबशी हौदाकडे वळवली, कारण समोर पार होता आणि पारावर माणसं. हौदाजवळ बैल पाणी पीत होता. वेग फार नव्हता. बैलाचा मागचा पाय मोडायला फार वेग लागत नाही.

पारावरची माणसं धावली. दादा उतरला आणि म्हणाला, "ब्रेक नाई लागला."

"ब्रेक तुले लागायले पाह्यजे होता," कोणीतरी म्हणालं. "सकाळपासून किती झाल्या?"

"पेलो नाई मी."

"करीच्या दिवशी कोण पेते बावा, कोणीच नाई," आणि लोक हसले. बैल तसा पडलेला असताना हसले. तोंडाचा वास घ्यायला कोणी पुढे आलं नाही, कारण वास सगळ्यांच्याच तोंडाला होता. ज्या चाकाची किंकाळी रोज ऐकून टिंगल केली, ते चाक आज मुकं का होतं, हे त्यांच्यातल्या एकानंही विचारलं नाही.

मग बाबा आले. त्यांनी बैल पाहिला. बैलाजवळ बसले, त्याच्या मोडलेल्या पायावरून हात फिरवला, उठले, आणि दादाच्या कानाखाली मारली. दोन लेकरांच्या बापाला, पारासमोर.

"आजच्या दिवशी," एवढंच म्हणाले. "बैलाले. आजच्या दिवशी."

बैल दोनतीन दिवस बसून होता. काकांनी त्याला हातानं पाणी पाजलं. मग गेला.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. नव्या डिस्क टाकून आठवडा झाला नाही आणि ब्रेक फेल, मग जबाबदार गॅरेज. मी मनात पत्रकाचा मथळासुद्धा जुळवला होता. दादा म्हणत होता, जाऊ दे. मला ते त्याचं खचणं वाटलं. मी हट्ट धरला, ट्रॅक्टर मिळवला, गाडी ओढत वाशीमला नेली. दादा पूर्ण रस्ताभर ट्रॅक्टरवाल्याशी पावसापाण्याचं बोलत राहिला आणि माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.

मिस्तरीनं डावं चाक काढलं. मी हात बांधून उभी, तोंडात वाक्यं तयार. त्यानं पॅड बाहेर ओढला, वास घेतला, अंगठ्यानं घासला आणि अंगठा आम्हाला दाखवला. पिवळा. मग डिस्कच्या कडेला, पॅड बसतात त्या कॅलिपरच्या खाचेत, जिथे जिथे बोट जाईल तिथे पिवळं. एका बोल्टला पानाचा वाळका तुकडा चिकटला होता, पळसाच्या.

मिस्तरी हसला. त्याचा काही दोष नाही, हसण्यासारखंच होतं. "काय भाऊ, गाडीचं लगन काढलं होतं का? हळद लावून पाठवली."

मी दादाकडे पाहिलं. त्याला आश्चर्य वाटलेलं नव्हतं. करीच्या संध्याकाळीच त्यानं चाकाच्या भोकातून बोट घालून पाहिलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

"म्याच लावली," दादा म्हणाला.

"तुमी?"

"आवाज येत होता ना. म्हणलं तेल टाकून पाहू."

"राजा, ब्रेकले तेल? इतके वर्स झाले गाडी चालवता तुमी." मिस्तरी आता हसत नव्हता. "तेल पेल्यावर पॅड कायले धरन? तुमाले सांगतलं होतं ना काई लावू नका म्हणून."

"चुकलं," दादा म्हणाला.

ज्याला गाडीतलं ओ की ठो कळत नाही त्यानं हे म्हटलं असतं तर चाललं असतं. दादा ब्रेकला तेल लावणाऱ्यातला नव्हता. बाहेर टपरीवर आलो तेव्हा मी विचारलं आणि त्यानं सांगितलं. खांदमळणीच्या संध्याकाळी बाबा वाटी घेऊन गोठ्यात गेले होते. दादानं पाहिलं होतं. त्याला वाटलं, दसऱ्याला करतात तशी चाकाला हळद-कुंकू लावून पूजा करतील. चावी घरात होती, म्हणून चाकं बाबांनी हातानं जमतील तेवढी वळवून घेतली असतील, आणि आतल्या बाजूनं हात घालून, ती नवी चकचकीत कोरडी डिस्क, जी रोज गावासमोर किंचाळत होती, हळदतेलानं चोळली. दोन्ही चाकांची. मग पोळ्याचा दिवसभर ते तेल पॅडमध्ये मुरत राहिलं.

"काई बोलत होते का गाडीशी?" मी विचारलं.

"आवतन देत होता," दादा म्हणाला, आणि बाहीनं डोळे पुसले. चहावाल्यानं आमच्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली.

मी म्हटलं, आत्ता घरी जाऊ आणि सांगू. गावाला, काकांना, सगळ्यांना. तू प्यालेला नव्हतास.

"कोणाले सांगतं? बाबाले?"

"हो."

"बाबानं जिंदगीत बैलाले तुतारीची आर नाई टोचली. दुसऱ्यानं टोचली तं त्याच्यासंग भांडला. त्याले जाऊन सांगू का, काकाचा बैल तुह्या हातानं गेला? खांदमळणीच्या तेलानं?"

"मग तू दारुड्या म्हणून मिरवणार?"

"मी पेतोच ना मधामधात," तो म्हणाला. "निम्मं तं खरंच हाय."

मी भांडले. टपरीवर लोक वळून पाहायला लागले इतकी भांडले. खोट्याशी तडजोड नाही, हे मी कितीतरी पत्रकांत लिहिलेलं आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुह्या मोर्च्यात हे चालते व बाई. घरात बाबा एकच हाय." आणि माझ्याकडून शब्द घेतला.

पिकअप विकली. त्या पैशातून शेजारच्या काकांच्या दारात दुसरा बैल आला. गावात मिटलं. घरात मिटलं नाही. बाबा दादाशी बोलेनासे झाले. त्यांना काही सांगायचं असलं तर वहिनीला सांगायचे, तो समोर बसलेला असताना. "त्याले म्हणा, जेवून घे." "त्याले म्हणा, पाणी सोडाले जा." दादा वहिनीच्या तोंडाकडे बघून ऐकायचा आणि उठायचा. स्वतःची गाडी राहिली नव्हती, दुसऱ्याची चालवायला कोणी देत नव्हतं. केनवडच्या एकानं टेम्पोवर ठेवतो म्हटलं होतं, त्याला आमच्याच गावच्या माणसानं सांगितलं, चांगला हाय, पण पेते. दादा कारंज्याच्या बाजारात पोती उचलायला लागला. खांद्याला कापड टाकून. पुढे त्या खांद्याला घट्टा पडला, तो मी पाहिला.

पुढच्या वर्षी कर आली तेव्हा बाबांनी सकाळीच बाज उचलून दारात आडवी टाकली आणि दिवसभर तिच्यावर बसून राहिले. जेवलेही तिथेच. दादानं बाहेर जाऊ नये म्हणून. दादा आत भिंतीला टेकून बसला. त्याला जायचं नव्हतंच कुठे. गेला असता तर बाबांचा पहारा फुकट गेला असता, म्हणून तो एकदोनदा उगाच उठला, दारापर्यंत आला, बाबांकडे पाहून परत गेला. वहिनी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून रडत होती. मी ते सगळं पाहिलं. त्याच्यानंतरच्या करीलाही पाहिलं.

मग एका हिवाळ्यात बाबांचा दम वाढला. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगून टाकलं होतं. एका दुपारी त्यांनी दादाला हाक मारली. स्वतः, वहिनीला मध्ये न घालता. दादा बाजेजवळ खाली बसला.

"सोडली का रे?" बाबांनी विचारलं.

"सोडली, बाबा."

"करीच्या दिवशी तं नोको होती घ्यायले."

"चुकलं, बाबा."

बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. "जाऊ दे," म्हणाले. "माणूस हाय. चुकते."

मी दारात उभी होते. दादानं खालूनच माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मी अंगणात निघून गेले. जे केलंच नव्हतं त्याची माफी त्यानं डोकं वाकवून घेतली. बाबा गेले ते आपण पोराला माफ केलं या समाधानात गेले. एवढं तरी दादानं त्यांना दिलं. मोबदल्यात त्याला काय मिळालं ते मी वर लिहिलंय.

बाबांचं वर्षश्राद्ध झाल्यावर मी त्याला विचारलं, आता लिहू का.

"लिही," तो म्हणाला. "नाव नोको टाकू. बाबाचं तं नाईच."

"आणि हळद?"

"टाक. पण जीव होता म्हणून लावली, असं लिहीजो."

जीव होता म्हणूनच लावली. ते मी लिहिलं. बाबांवर माझा आरोप नाही, मिस्तरीवर नाही. माझा आरोप त्या निकालावर आहे, माणूस गाडीतून उतरायच्या आधीच जो पारावर लागलेला होता. बाबांना चाकातलं ठाऊक नव्हतं. गावाला माणूस ठाऊक होता, आणि तरी गावानं त्याच्याऐवजी करीचा दिवस पाहिला. चाक उघडायला एक पाना लागतो आणि चहा निवायला लागतो तेवढा वेळ. तेवढा वेळ त्याच्यासाठी कोणी काढला नाही.

मी भावाला त्याची गाडी परत देऊ शकत नाही. बाबांच्या तोंडून त्याच्याबद्दल खरं ऐकायची त्याची वेळ निघून गेली. म्हणून आता मी तुमच्याकडे मागते, जे हे वाचताय. तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत एक माणूस आहे, ज्याच्या हातात आता कोणी चावी देत नाही. त्या दिवशी पेलेला होता, असं तुम्ही त्याच्याबद्दल ऐकलंय आणि पुढे सांगितलंय. या आठवड्यात त्याच्या घरी जा. त्या दिवशी गाडीला काय झालं होतं, ते त्याला विचारा, आणि त्याचं सांगून होईपर्यंत उठू नका. मग पारावर जा, आणि त्यानं जे सांगितलं ते सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगा.